पांढऱ्या गुलाबाला गुलाबी फांदी

पांढरा गुलाब घ्यायला गेलं की बहुतेक जण रंगावर भाळतात आणि वासाचं नंतर बघू म्हणतात. माझं सरळ मत आहे की वास नसेल तर पांढरा गुलाब लावूच नये, त्यापेक्षा शेवंती परवडली. लाल-पिवळे लांबूनही दिसतात, त्यांचं निभावून जातं, पण पांढऱ्याच्या जवळ जायला माणसाला काहीतरी कारण पाहिजे ना.

तर आमचा 'विंचेस्टर कॅथीड्रल'. इथे इंग्लंडमध्ये मागच्या बागेत, किचनच्या दाराला लागूनच आहे. गुलाबाच्या नव्या जाती काढणारे इंग्रज बागवाले डेव्हिड ऑस्टिन यांनी १९८८ मध्ये आणलेला हा श्रब रोज, म्हणजे ताठ दांडा आणि त्यावर एकच मोठं फूल असला हायब्रिड टी प्रकार नाही, तर चारेक फूट उंच आणि जवळजवळ तेवढंच पसरणारं झुडूप, फुलं झुपक्याने येतात आणि पाकळ्या इतक्या की मधले केसर शोधावे लागतात. कळीवर मात्र गुलाबी झाक असते. नवीन माणूस ती बघून हमखास म्हणतो की नर्सरीवाल्याने चुकीचं झाड दिलं, पण थांबा दोन दिवस, उघडलं की पांढरंच होतं, पोटात जरा सायीच्या रंगाचं.

नाव देवळाचं (बरं, चर्चचं) आहे कारण विंचेस्टरच्या कॅथीड्रलच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करणाऱ्या ट्रस्टला मदत म्हणून ते दिलं गेलं. पण याचं खरं घराणं वेगळंच आहे. 'मेरी रोज' नावाचा गुलाबी गुलाब ऑस्टिननी १९८३ मध्ये आणला होता. आठव्या हेन्रीचं त्याच नावाचं जहाज १५४५ मध्ये बुडालं होतं, ते १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा सगळ्या इंग्लंडच्या तोंडी तेच नाव होतं, तेच या गुलाबाला मिळालं. तर त्या मेरी रोजच्या झुडपावर एक फांदी आपली आपण पांढरी निघाली, आणि तिचे डोळे (पानाच्या बेचक्यातले कोंब) काढून दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, भरत भरत हा विंचेस्टर तयार झाला. कुणी परागीकरण करून, रोपं निवडून पांढरा केलेला नाहीये. फक्त त्या फांदीत गुलाबी रंग बनवायचं काम बंद पडलं. इंग्रजीत याला स्पोर्ट म्हणतात. 'रेडूटे' म्हणून एक फिकट गुलाबी आहे तोही याच मेरीचा स्पोर्ट.

आता जे बंद पडलंय ते कधीतरी परत चालू होऊ शकतं, आणि मागच्या जूनमध्ये आमच्याकडे नेमकं तेच झालं. सासूबाई आल्या होत्या, रोज सकाळी पूजेला फुलं त्याच तोडायच्या, एक दिवस बाहेरूनच हाक, "अगं, तुझ्या या झाडाला कुणी दुसरं कलम बांधलंय का?" बघते तर एका फांदीवर चक्क गुलाबी झुपका, आणि त्यातल्या एका फुलाच्या तीन-चार पाकळ्या अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या गुलाबी, मधून रेघ मारल्यासारख्या. बाकी अख्खं झुडूप पांढरं. त्यांनी ते अर्धं-अर्धं फूल देवाला वाहिलं नाही, वेगळं वाटीत पाण्यात ठेवलं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण बरेच जण गडबडतात. फांदी कुठून निघालीय ते आधी तपासा. इकडचे गुलाब बहुतेक करून रोझा लॅक्सा नावाच्या दुसऱ्याच गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. जिथे डोळा भरलाय त्या गाठीच्या खालून, मातीतून जो धुमारा येतो तो खुंटाचा, तो माती उकरून मुळापासून ओढून काढायचा, नुसता वरून कापला तर दुप्पट जोमाने येतो आणि चांगल्या झाडाचं खाऊन टाकतो. आणि ते "एका देठावर सात पानं असली की रानटी" वगैरे जे सांगतात त्यावर जाऊ नका, चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात. गाठ बघा, गाठ. गाठीच्या वर, आपल्याच फांदीतून फुटून रंग बदलला असेल तर तो स्पोर्ट, म्हणजे घरचाच माणूस.

लावण्याबद्दल थोडं. माझं माहेर नाशिकचं, मुघलांच्या काळात आमच्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, त्यामुळे गुलाब आपल्याला येतोच असा एक फुकटचा माज असतो. माळीकाकांनी शिकवलेलं पाठ होतं: कलमाची गाठ मातीच्या वर ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात कुजते. इकडे आल्यावर ऑस्टिनवाल्यांचंच लीफलेट वाचलं तर म्हणे गाठ मातीखाली जाऊ द्या, फांद्यांचा बुडखा साधारण ५ सेंटीमीटर खाली. कारण इथे वैरी गारठा आहे, आणि वाऱ्याने झाड हलून मुळं सैल होतात ते वेगळंच. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. रोपही इथे नोव्हेंबर ते मार्च मातीशिवाय मिळतं, नुसती मुळं आणि वर तीन-चार काटेरी काड्या. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "याचे पैसे दिलेस तू?" दोन तास पाण्यात बुडवून ठेवायचं आणि लावायचं, एप्रिलमध्ये पालवी फुटते.

आमची माती लंडन क्ले, आपल्या काळ्या जमिनीसारखीच, ओली असताना बुटाला चिकटते आणि ऑगस्टमध्ये भेगा पडतात. गुलाबाला ती आवडते पण पाणी तुंबलेलं आवडत नाही, म्हणून खड्डा मोठा करून कुजलेली घोड्याची लीद भरपूर घातली (तबेल्यावर फुकट मिळते, पोती मात्र आपली न्यायची). आधी ज्या जागी गुलाब होता तिथेच दुसरा गुलाब लावायचा असेल तर माती बदला, नाहीतर नवीन झाड नुसतं बसून राहतं.

वासाकडे येते. ऑस्टिनची कंपनी म्हणते जुन्या गुलाबांचा वास, त्यात मध आणि बदामाचा मोहोर. मध मलाही येतो, बदाम काही सापडला नाही. गुलकंदाच्या गावठी गुलाबाचा जड वास डोक्यात असेल तर हा त्यामानाने हलका वाटेल. आणि वास रोज सारखा नसतो. थंड, भुरभुर पावसाच्या दिवशी नाक फुलात खुपसलं तरी काही नाही, आणि आदल्या दिवशी पाऊस होऊन सकाळी ऊन पडलं की किचनचं दार उघडल्या उघडल्या कळतं. वासाची द्रव्यं पाकळ्यांतून उडायला ऊब लागते, पण दुपारच्या उन्हात ती उडूनही जातात, म्हणून तर कनौजचे अत्तरवाले पहाटे फुलं तोडतात. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी गुलाबाच्या वासामागचं एक महत्त्वाचं एन्झाइम शोधून काढलं, वासाच्या गुलाबात ते जोरात काम करतं आणि बिनवासाच्या गुलाबात जवळपास नसतंच. फुलवाल्याकडच्या त्या लांब दांड्याच्या गुलाबांना उगाच हुंगत बसू नका, त्यांची निवड फुलदाणीत टिकण्यासाठी झालेली असते.

पांढऱ्याचा खरा शत्रू पाऊस. लाल फुलावर डाग दिसत नाही, पांढऱ्यावर प्रत्येक थेंबाचा तपकिरी ठसा उमटतो. सलग पाऊस लागला तर बाहेरच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून वाळतात आणि कळी आतल्या आत सडते. अशा कळीची वरची एक-दोन पाकळ्यांची साल बोटांनी हळूच सोडवली तर आतलं फूल उमलतं, मी चहा घेताना हेच करत फिरते. मावा बोटांनीच चिरडायचा, किळस येत असेल तर पाण्याचा फवारा. पानांवर काळे ठिपके येतात, हे लपवण्यात अर्थ नाही, या बाबतीत या जातीपेक्षा नवीन जाती बऱ्याच बऱ्या. पडलेली पानं उचलून टाका, कंपोस्टमध्ये नको.

छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये, इथे थंडी सरता सरता, फेब्रुवारीच्या आसपास. साधारण निम्म्यावर आणते, कुजकी-बारीक काडी पूर्ण काढते. जूनचा बहर ओसरला की वाळलेली फुलं सिकेटरने उडवत राहायची आणि एक हप्ता खताचा द्यायचा, मग थोडं थोडं करत ऑक्टोबरपर्यंत चालतं.

त्या गुलाबी फांदीचं काय केलं? सासूबाईंचं मत राहू दे, एकाच झाडाला दोन रंग, कोणाकडे असतात. पण मला पांढरंच हवं होतं, आणि परत गुलाबीकडे वळलेली फांदी ठेवली की ती पसरत जाते असं जुने बागवाले सांगतात. म्हणून शरद ऋतूत बुडापासून काढली, पण फेकली नाही, पेन्सिलीएवढ्या काड्या करून कुंपणाच्या सावलीत तळाशी रेती टाकलेल्या चरात खोचल्या. काही वाळल्या, काहींना पालवी आलीय. फूल यायला अजून वेळ आहे, तोपर्यंत ही मेरी की विंचेस्टर काही सांगता येत नाही, म्हणून लेबलवर सध्या "मेरी?" एवढंच लिहिलंय. शेजारच्या आजोबांनी त्यातली एक आधीच मागून ठेवलीय, कुठल्याही रंगाची चालेल म्हणाले, वास असला म्हणजे झालं.