वादविवादाच्या विषयांची वही : तिसऱ्या वर्षाची नोंद

जून २०२५ मध्ये माझ्या विषयांच्या वहीला दोन वर्षे पूर्ण झाली. आमच्या सांगलीतील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाळेतील मुले वादविवादासाठी जमतात. त्यांच्यासाठी विषय तयार करणे, ते फेरीत वापरून पाहणे आणि फेरी संपली की त्यांची शब्दरचना दुरुस्त करणे हा माझा छंद आहे. आजवर वहीत १४० विषय उतरले असून त्यांतील ५८ विषयांपुढे मी हिरवी खूण केली आहे, म्हणजे ते निदान दोन वेळा वापरून झाले आणि दोन्ही वेळा दोन्ही बाजूंना पुरेसे मुद्दे मिळाले. उरलेल्यांपैकी बहुतेक विषय वाईट नाहीत. ते चुकीच्या इयत्तेला दिले गेले होते, आणि हे मला यंदाच्या सात-आठ महिन्यांत नीट उमगले.

पहिल्या वर्षी मी विषयाची पातळी शब्दांवरून ठरवीत असे. सोपे शब्द असलेला विषय पाचवीला, जड शब्दांचा नववीला, असा माझा हिशेब होता. आता मी एकच प्रश्न विचारते: या वयाच्या मुलाने या विषयाच्या दोन्ही बाजूंचे काहीतरी स्वतः पाहिलेले किंवा सोसलेले आहे का? ज्या विषयात एका बाजूला अनुभव आणि दुसऱ्या बाजूला केवळ ऐकीव माहिती असते, तिथे चिठ्ठीत दुसरी बाजू आलेले मूल बोलायला उभे राहण्यापूर्वीच हरलेले असते.

पाचवी ते सातवीच्या गटासाठी यंदाचा सर्वांत चांगला विषय दप्तरातून निघाला. राज्यात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पाने बांधली होती, दप्तराचे ओझे कमी व्हावे हा त्यामागचा हेतू होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली. आमच्या गटातील मुलांनी ती पुस्तके हाताळलेली होती. 'पाठ्यपुस्तकातच वहीची पाने असावीत' एवढ्या साध्या वाक्यावर मी फेरी ठेवली. प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्या सहावीतील मुलीने घरून जुन्या गणिताच्या पुस्तकाचा एक भाग आणला होता. तिने तो उघडून दाखविला : धड्यामागचे पान उदाहरणांनी काठोकाठ भरले होते, उरलेली उदाहरणे समासात तिरकी लिहिली होती आणि शेवटी टाचणीने वहीचा एक सुटा कागद जोडला होता. "पान पुस्तकात होते, पण वही तरीही न्यावी लागत होती," असे ती म्हणाली. त्यावर अनुकूल बाजूच्या पाचवीतील मुलाने खंडन केले की गणिताचे पान कमी पडले, तर गणिताची पाने वाढवावीत. इतिहासाची पाने त्याच्या पुस्तकात कोरीच राहिली होती. हे खंडन त्याला कोणी शिकविलेले नव्हते. समोरच्याचा पुरावा मान्य करून त्यातून निघणारा निष्कर्ष तेवढा नाकारायचा, ही गोष्ट मी नववीच्या मुलांना तीन-तीन वेळा समजावून सांगत आले आहे, आणि इथे दहा वर्षांच्या मुलाने ती आपल्या इतिहासाच्या पुस्तकाच्या आधाराने करून दाखविली.

याच गटासाठी दुसरा विषय शाळेच्या वेळेचा आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. पाचवीचे मूल या रेषेच्या नेमके पलीकडे उभे असते. धाकटे भावंड झोपलेले असताना त्याला सातच्या शाळेसाठी उठावे लागते. 'पाचवी ते सातवीची शाळाही सकाळी नऊनंतर भरावी' हा विषय दिल्यावर अनुकूल बाजू सहज रंगेल हे मला ठाऊक होते, परंतु प्रतिकूल बाजूनेही दुपारचे मैदान, तबल्याचा क्लास आणि उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्याखालचा वर्ग हे सारे स्वतःहून मांडले. हिरवी खूण पहिल्याच महिन्यात झाली.

याच्या अगदी उलट प्रकार मी ऑगस्टमध्ये पाहिला. एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षक म्हणून मला बोलाविले होते आणि तेथे सहावी-सातवीच्या गटाला समान नागरी कायदा हा विषय दिलेला होता. एका मुलाने अनुच्छेद ४४ चा उल्लेख अचूक केला, उच्चार स्वच्छ होते, हातवारे बसविलेले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी त्याला विचारले, हा कायदा आला तर तुझ्या ओळखीच्या कोणत्या माणसाच्या आयुष्यात काय बदलेल? तो थांबला, खिशातला कागद चाचपला आणि खाली पाहत उभा राहिला. त्या क्षणी मला माझ्या प्रश्नाचे फार वाईट वाटले, कारण दोष त्याचा मुळीच नव्हता. भाषण घरातील मोठ्या माणसाने लिहिलेले होते आणि ते तसे लिहून देण्याखेरीज त्या घराला दुसरा मार्गच आयोजकांनी ठेवलेला नव्हता. हाच विषय बारावीला द्यावा, आणि अवश्य द्यावा. सहावीच्या मुलाला त्याच प्रश्नाची धाकटी बहीण द्यावी : 'शाळेतील सर्व मुलांना नियम सारखेच असावेत'. पायाला प्लास्टर घातलेले मूल, उपवास असलेले मूल, उशिरा येणाऱ्या एसटीने खेड्यातून येणारे मूल, ही सगळी उदाहरणे वर्गातच बसलेली असतात. समानता आणि न्याय यांतील फरक तिथेही तेवढ्याच तीव्रतेने उभा राहतो.

आता शब्दरचनेविषयी, कारण या सहामाहीत माझा अधिकांश वेळ तिच्यावर गेला. 'विज्ञान : शाप की वरदान' या साच्यातील सगळे विषय मी वहीतून काढून टाकले. या साच्यात कोणी काही करावे असा प्रस्तावच नसतो, त्यामुळे दोन्ही बाजू शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' या एकाच वाक्याशी येऊन थांबतात. 'मोबाइल : शाप की वरदान' ऐवजी 'शाळेच्या सहलीला मोबाइल नेण्यास परवानगी असावी' असे लिहिले, की कोणाला तरी होय किंवा नाही म्हणावेच लागते.

नकारार्थी विषय पाचवी-सहावीला देऊ नयेत, हाही अनुभव पक्का झाला. 'गणवेश नसावा' या विषयाच्या अनुकूल बाजूने बोलायचे म्हणजे गणवेशाच्या विरुद्ध बोलायचे, ही उलटापालट लहान मुलांना भाषणाच्या मध्यावर नक्की गोंधळात पाडते. जुलैमध्ये एक मुलगी दोन मिनिटांपैकी सव्वा मिनिट समोरच्या बाजूनेच बोलली आणि लक्षात आल्यावर रडवेली झाली.

सर्वांत अधिक काळजी मात्र 'च' या एका अक्षराची घ्यावी लागते. 'प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे' आणि 'प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्यावे' हे दोन वेगळे विषय आहेत. दुसऱ्या विषयात अनुकूल बाजूला इतर सगळी दारे बंद करून दाखवावी लागतात, तर प्रतिकूल बाजूला एकच अपवाद पुरतो. मिरजेकडील कन्नड बोलणाऱ्या घरातील मूल जवळच्या मराठी शाळेत जाते, एवढे उदाहरण देऊन आठवीच्या एका मुलीने ती फेरी चार वाक्यांत जिंकली. सप्टेंबरमध्ये मी वहीतील सगळे विषय पुन्हा वाचले आणि २३ विषयांतून 'च' काढला. दहावीच्या पुढे तो मुद्दाम ठेवता येतो, कारण त्या वयाची मुले 'च'वर बोट ठेवायला शिकलेली असतात. त्याखालच्या इयत्तांत तो एका बाजूवर अन्याय करतो.

आठवीचा गट मी यंदा स्वतंत्र केला आहे. सातवीपर्यंतचे मूल घर आणि वर्ग यांच्या आधाराने बोलते, नववीचे मूल बातमी वाचून बोलू लागते, आणि आठवीला या दोहोंमधला सांधा लागतो. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. 'भारतातही असा कायदा असावा' हा विषय मी त्याच आठवड्यात आठवीला दिला. फेरीपूर्वीच्या मतदानात अठरापैकी चार हात अनुकूल होते, फेरीनंतर ते नऊ झाले. मत बदलण्यास कारणीभूत झालेला मुद्दा बातमीतला नव्हता. एका मुलाने सांगितले की त्याचे खाते आईच्या नावावर आहे, त्यामुळे त्याला येणारे संदेश आई वाचते असे सगळे धरून चालतात, आणि आईने ते खाते कधी उघडून पाहिलेले नाही. त्यानंतर प्रतिकूल बाजूच्या पहिल्या वक्त्याने आपले लिहून आणलेले टिपण बाजूला ठेवले आणि कायद्यापेक्षा आईला ते खाते उघडायला शिकवावे, असा युक्तिवाद केला.

नववी-दहावीसाठी जुलैमध्ये तिसऱ्या भाषेचा विषय घेणे अटळ होते. पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले होते आणि घराघरांत तीच चर्चा होती. पहिल्या वेळी फेरी राजकीय पक्षांच्या नावांत अडकली. पुढच्या वेळी मी विषयातून भाषेचे नाव काढून 'पहिलीच्या वर्गात तीन भाषा शिकवाव्यात' असे केले, आणि चर्चा सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाकडे वळली. परंतु दहावीच्या दोन मुलांनी नंतर मला थांबवून सांगितले की नाव काढल्यामुळे खरा वादच विषयाबाहेर राहिला. त्यांचे म्हणणे मला पटले. आता वहीत दोन्ही रूपे आहेत : बिननावाचे आठवीला, नावासह दहावीला.

'मतदानाचे वय १६ करावे' हा विषय नववीत उत्तम चालतो आणि सातवीत पडतो, कारण बारा वर्षांच्या मुलाला सोळा हे वय फार दूरचे वाटते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये आपल्याकडे मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि ऑस्ट्रियाने ते २००७ मध्ये १६ केले, एवढ्या दोन नोंदी मी चिठ्ठीच्या मागे लिहून देते. अधिक माहिती दिली, की मुले ती वाचून दाखवू लागतात.

अकरावी-बारावीच्या गटात जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेची पद्धत मराठीत वापरून पाहत आहे. तिथे प्रत्येक फेरीत संघातील तिघे बोलतात, मुख्य भाषणे आठ मिनिटांची असतात आणि काही विषय आधी कळवलेले, तर काही केवळ तासभर आधी जाहीर होतात. भारताच्या संघाने २०१९ मध्ये बँकॉकला ही स्पर्धा जिंकली होती. आमच्या मुलांना मराठीत आठ मिनिटे अजून झेपत नाहीत. पाचव्या मिनिटाला मुद्दे संपून विशेषणे सुरू होतात, म्हणून सध्या घंटा पाचव्या मिनिटाला होते. तासाभराच्या तयारीचा लाभ मात्र स्पष्ट दिसतो. वेळ कमी असल्यामुळे कोणी घरून भाषण लिहून आणू शकत नाही आणि तिघांना आपापसांत मुद्दे वाटून घ्यावेच लागतात.

येत्या शनिवारी पाचवी ते सातवीच्या गटासाठी 'मधल्या सुट्टीत डबा वर्गातच बसून खावा' हा विषय तयार होता. काल रात्री वही चाळताना त्यातला 'च' दिसला आणि मी तो खोडला. मग लक्षात आले की तो गेल्यावर प्रतिकूल बाजूला विरोध करायला काही उरत नाही, कारण वर्गात बसून खायला कोणाची हरकत असणार? विषय आता असा लिहिला आहे : 'मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खायचा, हे मुलांनी ठरवावे'. प्रतिकूल बाजूला शिक्षक, पाऊस, व्हरांड्यातली सांडलवंड आणि एकटे बसून खाणारे मूल एवढे मुद्दे मिळतील असे वाटते. चिठ्ठ्या शुक्रवारी संध्याकाळी लिहीन.