ट्रेबुशे, १ मीटरचा दांडा: सांगाड्यापासून गोफणीच्या बोटापर्यंत

अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर २००० साली ‘नोव्हा’ या विज्ञानमालिकेत ‘सीक्रेट्स ऑफ लॉस्ट एम्पायर्स’चा वेढायुद्धावरचा भाग दाखवला गेला. स्कॉटलंडमध्ये लॉख नेसच्या काठी, अर्क्हार्ट किल्ल्याजवळ दोन पूर्णाकृती ट्रेबुशे उभारल्या होत्या. ट्रेबुशे म्हणजे दांड्याच्या आखूड टोकाचं जड वजन पाडून लांब टोकाच्या गोफणीतून दगड फेकणारं वेढ्यातलं यंत्र. एकीचं वजन दांड्याला ताठ जखडलेलं, दुसरीचं बिजागरीवर झुलणारं. ही नोंद त्यांपैकी झुलत्या वजनाच्या छोट्या प्रतिकृतीची. फारसी तवारिखांतली ‘मंजनीक’ याच घराण्यातली, पण इथे बेत फक्त युरोपी घाटाचा आहे.

मूळ नकाशा म्हणून वापरता येईल असं फारसं काही उरलेलं नाही. तेराव्या शतकातल्या व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच रेखाटनकाराच्या वहीत तळाची चौकट काढलेली आहे, पण उभ्या सांगाड्याचं पान गहाळ आहे. १९८९ साली डेन्मार्कमध्ये निकोबिंग फाल्स्टरला उभारलेलं यंत्र आणि २००५ मधलं वॉरिक किल्ल्यातलं (१८ मीटर उंच, २२ टन) अशा आधुनिक बांधण्यांवरून प्रमाणं घेणं जास्त सोयीचं.

मापं

दांडा १०० सेंमी. आस आखूड टोकापासून २० सेंमीवर, म्हणजे ८०:२०, चारास एक. आस जमिनीपासून ६० सेंमी उंच. यंत्र ताणलं की लांब टोक जमिनीला जवळजवळ टेकतं आणि दांडा ४५ अंशांत उभा राहतो. वजनपेटीची लोंबती पट्टी पेटीच्या मध्यापर्यंत २० सेंमी. पेटीची आतली मापं १६×१६×१६, १२ मिमी प्लायची. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे पेटीतल्या ६ किलोला पावणेचार लिटर पुरते. वाळू ओली असेल तर पेटीत एका बाजूला थिजून बसते आणि पेटी तिरकी झुलते. आधी उन्हात सुकवा.

बाहेरून पेटी १८.४ सेंमी भरते, म्हणून दोन ‘ए’ चौकटींमध्ये आतून २२ सेंमी मोकळं ठेवलं. दोन्हीकडे १.८ सेंमी. याहून कमी ठेवाल तर पेटी चौकटीला घासते. एकदा घासली की तो फेक मोजण्यात अर्थ नाही.

दारूगोळा: टेनिसचा चेंडू, ५८ ग्रॅम. ६ किलोला हे गुणोत्तर १०३:१ पडतं. दगड नको. मागे उडालेला दगड आणि मागे उडालेला चेंडू यात फरक आहे, आणि मागे उडणार हे नक्की.

दांडा: पहिला मोडला, दुसरा बारीक केला

पहिला दांडा ३×३ सेंमीचा सरळ सागवानी, ५४० ग्रॅम. आसेसाठी १२ मिमीचं भोक आरपार. ३० मिमीतले १२ गेले, आणि नेमक्या सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. सातव्या फेकीला भोकाच्या वरच्या कडेतून रेषेरेषेने चीर गेली. लाकडाचा दोष नव्हता, मांडणीचा होता.

दुसऱ्या दांड्याला भोक पाडलं नाही. आस दांड्याच्या खालून नेली आणि ६ मिमी प्लायचे दोन गालपट्टे दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल लावून बोल्टने आवळले, त्यांतून शाफ्ट. शाफ्ट १२ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई), दोन्ही टोकांना ६२०१ नंबरचं बेअरिंग (आतून १२, बाहेरून ३२, जाडी १०). नुसत्या लाकडात फिरणारा शाफ्टही चालतो, पण त्याला दर चार-पाच फेकींनी मेणबत्ती घासावी लागते.

खरा फायदा निमुळतेपणाचा. लांब बाजू आसेपाशी ३×३ ठेवून टोकाला १.५×१.५ पर्यंत रंधली. वजन ५४० वरून ३६० ग्रॅमवर आलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दांड्याचा गुरुत्वमध्य आसेपासून ३० सेंमीवर होता तो १९ वर आला. पेटी ३४ सेंमी पडते, म्हणजे हाती येतात २० ज्यूल. सरळ दांडा स्वतःलाच उचलण्यात त्यातले २.७ खात होता, निमुळता १.१ खातो. टोकाची जडत्वाची बचत वेगळीच. वजन वाढवायच्या आधी रंधा हातात घ्या.

खटका

ताणलेल्या अवस्थेत टोक वर खेचलं जातं ते सुमारे १.४ किलोच्या जोराने. खेळण्याला हे नगण्य, पण हाच हिशेब ६ टन पेटीला लावला तर १४०० किलो होतो. तेव्हा पूर्णाकृती यंत्रात खटका हा जिवावरचा भाग का असतो ते कळतं. दाराची साधी कडी लावून पाहिली. सुटताना ती टोकाला बाजूला झटका देते. आता टोकाखाली एक कडं, तळपट्टीवर दुसरं, आणि दोन्हींतून आडवी ५ मिमी गुळगुळीत सळई, ३ मीटर दोरीने ओढायची. सळई दांड्याच्या रेषेतच ओढली पाहिजे, तिरकी ओढली की तीही बाजूला हिसका देते. ओढणारा बाजूला उभा. पुढे कोणी नाही, मागेही कोणी नाही.

गोफण

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवलेल्याला ट्रेबुशे समजावून सांगायला लागत नाही. एक पदर बोटात अडकवलेला, दुसरा चिमटीत, आणि चिमूट कधी सोडायची यावर सगळं अवलंबून. यंत्रात एक दोरी टोकाला पक्की बांधलेली, दुसरीच्या टोकाची रिंग एका खिळ्यावर नुसती अडकवलेली. त्या खिळ्याला बोट म्हणू.

दोन्ही दोऱ्या ७० सेंमी, मध्ये १४×९ सेंमी जुन्या जीन्सचा पट्टा, लांबीच्या दोन्ही टोकांना चुण्या घालून शिवलेला, म्हणजे चेंडू बसायला खोलगा होतो. पिळाची दोरी ताण आला की उलगडते आणि पट्टा फिरवते, चेंडू कडेने सांडतो. विणलेली दोरी घ्या, २ मिमी पुरे. ताणलेल्या स्थितीत गोफण सांगाड्याखाली पुढच्या दिशेने पन्हळीत पसरायची. पन्हळ १० सेंमी रुंद, तळ गुळगुळीत, एकही खिळ्याचं डोकं वर नको. पट्टा क्षणभर अडकला तरी चेंडू मागे राहतो आणि रिकामी गोफण फिरते.

बोट: ४ मिमीचा खिळा, डोकं कापून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आरशासारखा. टोकाबाहेर ३ सेंमी. गंजाचा ठिपका असेल तर रिंग दरवेळी वेगळ्या क्षणी सुटते आणि मग कितीही कोन बदला, आकडे जुळत नाहीत. रिंग चावीची नको, तिच्या दुहेरी वेटोळ्यात खिळा अडकतो. सलग वायसर वापरा.

दांड्याच्या रेषेत सरळ असलेला खिळा म्हणजे ० अंश, फेकण्याच्या दिशेला वाकवत गेलं की कोन वाढतो. ६ किलो, ७० सेंमी गोफण, प्रत्येक कोनाला पाच फेकी, मधला आकडा:

० अंश: चेंडू सरळ वर, यंत्राच्या २ मीटर मागे पडला.
१५: उंच कमान, १४ मीटर.
३०: २४ मीटर.
४०: २६ मीटर.
५०: उशिरा सुटला, जमिनीलगत जाऊन ११ मीटरवर टप्पा.

यानंतर बोट ४० वर ठेवून पेटीत २ किलो वाढवले. २६ चे २९ झाले, बस्स. वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढवून जे मिळालं त्याच्या कितीतरी पट खिळ्याच्या १५ अंशांत मिळालं होतं. यंत्रातलं सगळ्यात मोठं दिसतं म्हणून नजर पेटीवर जाते, पण अंतर ठरतं टोकावरच्या तीन सेंमी लोखंडात. सैद्धांतिक कमाल म्हणजे वजनांच्या गुणोत्तराची दुप्पट गुणिले पेटी पडते ती उंची, ती ६ किलोला ७० मीटर येते. म्हणजे आपण ३७ टक्क्यांवर आहोत. ८ किलोला टक्केवारी उलट ३१ वर घसरते. हवेचा रोध धरला तरी वाव आहे.

गोफणीची लांबी आणि बोटाचा कोन एकत्र बदलू नका. गोफण लांबवली की ती मागे रेंगाळते, उशिरा सुटते, फेक सपाट होते. आखूड केली की लवकर सुटते. म्हणजे दोन्हींचा परिणाम एकाच दिशेचा, आणि एकदम बदलले तर कशाने काय झालं हे सापडत नाही. ७५ सेंमी करून पाहायची असेल तर आधी नुसतं बोट ३५ वर आणून फेकून पाहा, मग गोफण लांबवा.

ताठ वजन

तुलनेसाठी लोंबती पट्टी दांड्याला दोन बोल्टने जखडली. १९ मीटर, आणि दर फेकीला सांगाडा पुढे टुणकन उडतो. ताठ पेटी आसेभोवती गोल फिरते, तिला सरळ खाली पडताच येत नाही, म्हणून आडवा धक्का चौकटीला बसतो. चाकांचा मुद्दा इथे येतो: सांगाडा मागेपुढे सरकू शकला तर पेटी सरळ रेषेच्या जवळून पडते. १०० मिमीची चार चाकं आणली आहेत, अजून बसवलेली नाहीत. चाकं लावली की पन्हळही सांगाड्यासोबतच सरकायला हवी, ती वेगळी जमिनीवर ठेवून चालणार नाही.

डावीकडे ओढ

२६ मीटरवर चेंडू दीड मीटर डावीकडे पडतो, दरवेळी. दरवेळी म्हणजे वारा नाही. तळाचे कर्ण मोजले, फरक निघाला. शाफ्टचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ५ मिमी पुढे होतं. २२ सेंमीत ५ मिमी म्हणजे १.३ अंश, आणि त्याने फक्त ६० सेंमी ओढ समजते. उरलेले ९० सेंमी बहुधा बोटाचे. व्हाइसमध्ये वाकवताना खिळा पुढे वाकला तसा थोडा बाजूलाही गेलाय, टोकाकडून एका डोळ्याने पाहिलं की दिसतं. बेअरिंगची पाटी सरकवली आहे, खिळा नवीन कापायचा आहे. यावेळी आधी सुताराच्या काटकोन्याला लावून.