आठ इंच अजरख, आठ इंच खण: प्रवासातल्या कापडांची गोधडी

कच्छमधल्या अजरखपूरचा निळा अजरख (ठशांनी छापलेलं सुती कापड) आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण (चोळीसाठी विणलेलं नक्षीचं कापड) एका गोधडीत शेजारी शेजारी शिवले, की काही महिन्यांत दोघांचे स्वभाव कळतात. अजरखची शिवण शाबूत असते, पण त्याची नीळ घासून शेजारच्या पांढऱ्या चौकोनावर चढलेली असते. खणाची नक्षी तशीच असते, पण कापलेल्या कडेचे दोरे सुटून शिवणीला भोक पडलेलं असतं. जिथे जे कापड जसं बनलं, तसंच ते गोधडीत वागतं. त्यामुळे कापड विकत घेताना ते कसं रंगवलं, कसं विणलं हे विचारून घ्या. तीच त्या गावाची खरी आठवण, आणि शिवताना उपयोगी पडणारी माहितीही तीच.

आधी हिशोब, कारण बाजारात उभं राहिल्यावर तो सुचत नाही. एका माणसाच्या पांघरुणासाठी ६० बाय ९० इंच हे माप सोयीचं. ८ इंचांचा चौकोन कापायचा, चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, साडेसात इंच दिसतो. आडवे ८ आणि उभे १२ असे ९६ चौकोन लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमधून १० चौकोन निघतात. म्हणजे दहा गावांचं अर्धा-अर्धा मीटर कापड घेतलं की १०० चौकोन झाले. पाव मीटरमध्ये एकच रांग, ५ चौकोन. हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आटू शकतं, तरी हा हिशोब पुरतो. खणाचा पन्हा मात्र लहान असतो, तिथे टेप लावूनच घ्या.

कापड घेतलं की त्याच दिवशी चिठ्ठी करा: गाव, तारीख, विणणाऱ्याचं किंवा छापणाऱ्याचं नाव, रंग कसला. चिठ्ठी दोऱ्याने बांधा. टाचणी किंवा स्टेपलची पिन दमट हवेत गंजते आणि तिचा तांबूस डाग निघत नाही.

घरी आल्यावर धुणं. प्रत्येक कापडाचा दोन इंचांचा तुकडा कापून पांढऱ्या कपात कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा. मग तो ओलाच पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून दाबून ठेवा. पाणी थोडं रंगलं आणि फडकं स्वच्छ राहिलं, तर ते कापड दोन-तीनदा धुतलं की चालेल. फडक्यावर रंग उतरला, तर चार धुण्यांनंतर पुन्हा तीच परीक्षा घ्या. तरीही उतरत असेल तर ते कापड गोधडीत घेऊ नका, कितीही आवडतं असो. त्याची उशीची खोळ करा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, हे ऐकून ऐकून खरं वाटतं. पण जो रंग धाग्यात बसलाच नाही, तो वारंवार धुऊनच निघून जावा लागतो. उलट, वनस्पतींच्या रंगांवर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर छटा बदलते, काळा फिका पडतो. अशी कापडं रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

आता एकेक कापड.

अजरखमध्ये निळीचा निळा आणि मंजिष्ठेचा लाल रंग असतो. तयार होतानाच तो इतक्या वेळा धुतला जातो, की पाण्यात फारसा रंग सोडत नाही. नीळ मात्र धाग्याच्या पृष्ठभागावर बसलेली असते, ती घासल्याने निघते. म्हणून गडद निळ्याशेजारी पांढरा किंवा फिका पिवळा चौकोन ठेवू नका. लाल, तपकिरी, काळा चालतो. अजरखपूर हे भुजजवळचं गाव २००१ च्या भूकंपानंतर वसलं. धमडका या जुन्या गावच्या पाण्याचा गुण बदलला म्हणून तिथले खत्री कारागीर इकडे आले. त्या निळ्या चौकोनाच्या चिठ्ठीवर ही ओळ असायलाच हवी.

राजस्थानातल्या बगरूचं छापील कापड, पेडण्याची किंवा श्रीकालहस्तीची कलमकारी, यांतला काळा रंग बहुधा लोखंड आणि गूळ आंबवून केलेला असतो. (हे पेडणं आंध्रातलं, मछलीपट्टणमजवळचं, गोव्यातलं पेडणं वेगळं.) लोखंडाने धागा हळूहळू कमजोर होतो, म्हणून जुन्या कापडांत काळी रेघ आधी विरते. असे चौकोन मधल्या भागात ठेवा. पांघरताना आपण कडा धरून ओढतो, तिथे नकोत.

पोचमपल्लीच्या इकतमध्ये सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. उलट-सुलट कोणताही चौकोन वापरता येतो, नक्षीची दिशा फिरवता येते. गोव्याचं कुणबी कापड जाड आणि लाल चौकडीचं. चौकडीच्या रेघेवर कात्री चालवली की माप आपोआप सरळ येतं. शिवायला हे सगळ्यात सोपं. बांधणी घेतली तर तिच्या चुण्या इस्त्रीने पूर्ण सपाट करूनच कापा. चुण्यांसकट कापलेला ८ इंचांचा चौकोन पुढे पसरून ९ इंचांचा होतो आणि शेजारच्यांना ढकलतो.

खण आणि महेश्वरी निसरडे. खणाच्या प्रत्येक चौकोनामागे तेवढाच मलमलचा तुकडा ठेवून कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत मशीनची शिलाई मारा. इतकं केलं की दोरे सुटत नाहीत. शिंप्याकडचं इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंगही चालतं, पण पुढे हाताचा टाका घालताना सुई अडते, म्हणून मला मलमलच बरी वाटते.

कापताना छापावर विश्वास ठेवू नका, धाग्यावर ठेवा. हाताने छापलेल्या कापडात नक्षीची ओळ किंचित तिरकी जाते, आणि तिच्यामागे गेलं की चौकोन ताणून वाकडा होतो. कडेपासून एक धागा हळूच ओढून काढा. जी बारीक रेघ उमटते ती खरी सरळ. साचा पुठ्ठ्याचा केलात तर वीस-पंचवीस चौकोनांनंतर त्याचे कोपरे झिजतात आणि माप सुटतं. पातळ प्लायवूडचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा करा, खाली पॉलिश पेपर चिकटवा, म्हणजे सरकत नाही.

सगळे चौकोन जमिनीवर मांडून मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढा. कुठे अंधार गोळा झालाय आणि कुठे उजेड, हे रंगात दिसत नाही, फोटोत लगेच दिसतं. प्रवासाच्या क्रमाने मांडायचं असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिलं गाव आणि तिथून ओळीने पुढे. मग निळ्या-पांढऱ्याचा नियम आड येतो तिथे एखादा चौकोन हलवा.

जोडताना पाव इंचाची शिवण नेमकी हवी. शिवण अर्ध्या सुताने आत गेली तर दोन चौकोनांचं मिळून एक सूत जातं. १२ चौकोनांच्या रांगेत ११ शिवणी, म्हणजे रांग जवळजवळ दीड इंच आखूड. एक रांग आखूड आणि शेजारची पूर्ण, की मध्ये झोळ आलाच. एका रांगेच्या शिवणी वर आणि पुढच्या रांगेच्या खाली अशा इस्त्री करा. कोपरे एकमेकांत बसतात आणि चार चौकोन मिळतात तिथे गाठ होत नाही.

आत भरायला जुन्या सुती साड्यांइतकं चांगलं काही नाही. दोन सहावारी साड्यांतून, उरलेल्या पट्ट्या जोडून, तीन थर होतात. पॉलिस्टरची साडी एकही नको. सुती थर बसतो आणि ती सरकते, मग धुतल्यावर आतच गोळा होतो. खालचं अस्तर मऊ धोतराचं किंवा चादरीचं. अस्तर आणि आतले थर चारही बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा, म्हणजे ६४ बाय ९४. जमिनीवर अस्तर ताणून कोपऱ्यांवर वजनं ठेवा, मग एकेक थर, शेवटी चौकोनांची बाजू. मधून बाहेर वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढे गोधडीचं पोट सुटतं आणि ते कशानेच आत जात नाही.

आपल्याकडची गोधडी कडेने सुरू करून आत आत शिवत नेतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही कोपऱ्यातून सुरू होऊन फिरत मध्याकडे जाते, आणि तिच्या कोपऱ्यांना घड्या घातलेली कापडी फुलं असतात. ती पद्धत सुंदर आहे, पण सुटलेलं कापड हाताने पुढे सारत नेण्याची सवय लागते. पहिल्यांदा करत असाल तर मधून बाहेर या.

धावदोऱ्यासाठी आठ नंबरचा पर्ल कॉटन दोरा आणि मोठ्या नेढ्याची लांब सुई घ्या. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर साधारण १४० मीटर लांबीचा टाका पडतो. दोऱ्याचे ८० मीटरचे तीन गोळे आणा. अर्ध्या इंचावर शिवलं तर दुप्पट. इंचाला चार-पाच टाके पुरेत. दोरा एक हातापेक्षा लांब ओवू नका, तो घासून विरतो आणि गुंततो. चार शिवणी मिळतात त्या ठिकाणाहून अर्धा इंच दूर टाका घाला, नेमक्या जोडावर सुई मोडते. आणि टाका ओढून घट्ट करू नका. शिवताना किंचित सैल वाटणारा टाका धुतल्यावर बरोबर बसतो. घट्ट टाक्याने कापड आखडतं. रोज तासभर बसलं तर सव्वा-दीड महिना लागतो.

गोटासाठी, म्हणजे कडेला दुमडून लावायच्या कापडासाठी, अडीच इंची पट्ट्या, एकूण ३१२ इंच. ६० सेंटिमीटर कापडात होतात. जुन्या नऊवारी इरकलीचा काठ मिळाला तर त्याहून चांगला गोट नाही, फक्त आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर कड लाटेसारखी होते.

चिठ्ठ्यांवरची माहिती आता गोधडीत यायला हवी. मलमलच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून उलट टाक्याने भरा आणि अस्तराला शिवा: गाव आणि साल एवढंच. बाकी मजकुरासाठी कागदावर ८ बाय १२ चा तक्ता करा, प्रत्येक घरात कापड, कारागीर, रंग. शंभरातले उरलेले चार चौकोन आणि प्रत्येक कापडाच्या चिंध्या त्याच तक्त्यासोबत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा. लोखंडाचा काळा चौकोन विरेल तेव्हा त्याच गावच्या चिंधीचं ठिगळ लावता येईल.