हरलेल्या सामन्याचा हिशेब

“काय सांगतीस! अख्ख्या जर्मनीत एकविसावी?” लेकीचा टेनिसमधला आकडा २१ वर आल्याचे सांगताच दादा फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडला, की मी खुलासा करण्यापूर्वीच ही बातमी सोलापुरात शेजारच्या दोन घरांत पोहोचली होती. वास्तविक तो क्रमांक नव्हे, श्रेणी आहे. येथे जर्मनीत नवख्या खेळाडूला २५ ही श्रेणी मिळते आणि खेळ सुधारेल तसा आकडा १ कडे उतरत जातो. त्यामुळे २१ वर एकाच वेळी असंख्य मुले, आणि त्यांचे काही आजोबासुद्धा, असू शकतात.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चौदा वर्षांखालील गटात खेळतो. आपल्याकडे अखिल भारतीय टेनिस संघटनेची क्रमवारी गुणांवर चालते आणि गुण मिळतात ते खेळाडू कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत कितव्या फेरीपर्यंत गेला यावर. मागच्या महिन्यात हे दोघे पहाटे उठून, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले आणि भाचा पात्रता फेरीतच अडीच तास झुंजून टायब्रेकमध्ये हरला. ६-०, ६-० असा हरला असता तरी क्रमवारीच्या दृष्टीने काही फरक पडला नसता. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या अठरा वर्षांखालील क्रमवारीचेही तत्त्व हेच आहे: जे३० या दर्जाच्या स्पर्धेच्या विजेत्याला ३० गुण, जे५०० च्या विजेत्याला ५००, आणि एकेरीतील सर्वोत्तम सहा निकाल धरायचे. अशा पद्धतीत खेळाइतकेच वडिलांच्या रजेला आणि रेल्वेच्या आरक्षणालाही महत्त्व येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मन पद्धतीत पराभवाने श्रेणी बिघडत नाही. बिघडते ती न खेळल्याने, कारण दर आठवड्याला आकडा किंचित वर सरकवला जातो. लेक गेल्या शनिवारी हरली, लाल मातीच्या कोर्टवरून जाळी ओढत तिने पायांचे ठसे पुसले, झाडूने रेषा साफ केल्या आणि “आकडा तसाच आहे” म्हणत सायकलवर बसली. स्पर्धेचे ठिकाण घरापासून नऊ किलोमीटरवर होते. मात्र हिवाळ्यात बंदिस्त कोर्टाचे भाडे परवडेनासे होते आणि ज्यांना ते परवडते त्यांचीच श्रेणी टिकते, हेही तितकेच खरे.

भाच्याला खरा न्याय दिला असता तो यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) या मानांकनाने. १ ते १६.५ या मापात प्रतिस्पर्ध्याची ताकद पाहून किती गेम जिंकणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती जिंकले, याचा हिशेब होतो. वय किंवा मुलगा-मुलगी हा भेद त्यात नसतो, आणि बलवान खेळाडूशी थोडक्यात हरणाऱ्याचा आकडा वाढूही शकतो. आंतरराष्ट्रीय महासंघाचा ४० ते १ असा उलट धावणारा वर्ल्ड टेनिस नंबरही प्रतिस्पर्ध्याची ताकद पाहतो, पण तो गेमऐवजी सेट मोजतो.

हे सारे दादाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “ते सगळं ठीकाय गं, पण कोल्हापूरच्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये नाव घेताना आपलं हे गुणांचं रँकच बघत्यात.” भाचा तिथे प्रतीक्षायादीत सातवा आहे.