आमची वाटचाल : झाकण्याआधी पाहायचे ते

आमच्या वास्तुरचनेच्या कार्यालयाने सुरुवात नकाशे काढून देण्यापासून केली. आराखडा, मंजुरी, आणि पुढचे सगळे ठेकेदाराकडे. हळूहळू कामाचा भार दुसऱ्या टोकाकडे, प्रत्यक्ष बांधकामाकडे, सरकला. इमारतीत प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याला झाकत जातो: काँक्रीट सळईला झाकते, गिलावा पाइपला, फरशी जलरोधनाला. त्यामुळे काय कधी झाकले जाणार आहे आणि त्याआधी कोणी काय पाहायचे, याचीच यादी आता आमच्या कामाचा कणा आहे.

पहिल्या बैठकीत किती खोल्या हव्यात, हे सर्वात शेवटी विचारतो. घरात जिना न चढू शकणारे कोणी आहे का, पुढे मजला चढवायचा विचार आहे का, हे आधी. मजला चढवायचा असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाला धरावे लागतात. नंतरची डागडुजी महाग आणि अर्धवट होते.

जागेच्या मोजणीत हद्दी आणि झाडे सगळेच घेतात. राहून जाते ती बाहेरच्या सांडपाण्याच्या चेंबरच्या तळाची पातळी. १०० मिमी पाइपला १:६० उतार धरला तर ३० मीटर अंतरात तो अर्धा मीटर खाली जातो. ही पातळी आधी घेतली नाही, तर जोते उंच करा किंवा पंप बसवा, एवढेच पर्याय उरतात. मातीची तपासणी तर टाळायचीच नाही. दीड मीटर खोल खड्ड्यात मुरूम दिसला म्हणून त्याखाली फुगणारी चिकणमाती नाही असे होत नाही.

मंजुरीचा नकाशा १:१०० चा असतो. त्यावरून बांधता येत नाही. बांधकामाचे नकाशे १:५०, बाथरूम आणि जिना १:२०, खिडकीच्या सांध्यासारखे बारकावे १:५. जिन्यावर आम्ही सर्वात जास्त वेळ घालवतो. मजल्याची उंची ३००० मिमी असेल तर १५० मिमी उंचीच्या २० चढी, म्हणजे दोन टप्प्यांत १०-१०. प्रत्येक टप्प्यात ३०० मिमीच्या ९ पायऱ्या, म्हणजे २.७ मीटर, अधिक मधला १.२ मीटरचा चौथरा. लांबी झाली ३.९ मीटर. आराखड्यात मात्र अनेकदा तीनच मीटर सोडलेले असतात. दुसरी चूक काँक्रीट ओतताना होते. मजल्यावर फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून ७५ मिमी चढणार, पायऱ्यांवर फक्त ४०. हा फरक हिशेबात धरला नाही तर पहिली चढ ११५ आणि शेवटची १८५ मिमी होते. मग तिथे येणारा प्रत्येक माणूस ठेचकाळतो, आणि दोष त्याच्या पायांना दिला जातो.

यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहतो. ३००० मिमीतून ४५० ची बीम आणि ७५ ची फरशी वजा केली की २४७५ उरतात. बीमखालून ३०० चा डक्ट (हवेचा मार्ग) आणि ७५ ची सीलिंगची चौकट गेली की २१००, म्हणजे फक्त दाराएवढी उंची. हे कागदावर दिसले तर डक्टचा मार्ग बदलता येतो. स्लॅब ओतल्यावर बीमला भोक पाडण्याची परवानगी मागितली जाते, आणि ती द्यायची नसते.

निविदेबद्दल एवढेच: प्रत्येक कामाचे परिमाण आणि वर्णन लिहिलेले हवे. ‘लागेल तसे’ या दोन शब्दांवरून बिलाच्या वेळी जितके वाद होतात, तितके दरावरून होत नाहीत.

साइटवर लाइन आउट, म्हणजे जमिनीवर आखणी, करताना चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. बाजू बरोबर असूनही कर्ण वेगळे आले तर आखणी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. खरी परीक्षा स्लॅबच्या आदल्या दिवशी. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिमी आहे का. कव्हर ब्लॉक ठेवलेत की दगडाच्या चिपा. प्लंबिंगचे स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी आधीच ठेवायच्या नळ्या) बसलेत का. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतणाऱ्यांच्या पायाखाली ती दबली की ताण घ्यायला वर सळईच उरत नाही आणि बाल्कनी मुळाशी तडकते. म्हणून तिच्याखाली सळईच्या खुर्च्या आणि चालायला फळ्या, या दोन गोष्टी दिसल्याशिवाय आम्ही परवानगी देत नाही.

काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ०.५ पट ठरले असेल तर सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर. खडी ओली असेल तर तिचे पाणी यातूनच वजा. काँक्रीट सरकत नाही म्हणून पाणी वाढवले की ताकद उतरते. त्याऐवजी मिश्रणातच प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सरकते करणारे रसायन) ठरवून घ्यावा. त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब (ठोकळे) ७ आणि २८ दिवसांनी तपासतो. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी. ती नसेल तर वरचा मजला थांबवतो, कारण २८ दिवसांपर्यंत त्यावर आणखी वजन चढलेले असते.

बाथरूमचे जलरोधन झाल्यावर ४८ तास पाणी साठवून खालच्या छताचा फोटो घेतो, मगच फरशी. वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी ठोकतो, नाहीतर नेमक्या त्या रेषेत तडा जातो. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटोही घेतो, टेप लावून, पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे हे दिसेल असा.

ताबा देताना मालकाच्या हाती चाव्यांबरोबर प्रत्यक्ष बांधले गेले तसे नकाशे, हे फोटो आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत याची यादी जाते. ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे दोष दिसल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर सुटते. तो काळ किमान एका पावसाळ्यातून जाईल असा करारात लिहून घेतो.