पार्सलातला किल्ला

कॉलेजातल्या आम्ही पाच जणी अजून एका ग्रुपवर टिकून आहोत. एक नागपूरला, एक चिपळूणला, दोघी पुण्यात (त्यातली एक मी) आणि पाचवी गेली अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला. २०२४ च्या नवरात्रात गप्पा चालल्या होत्या त्या नेहमीच्याच. चिपळूणकरणीच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नागपूरकरणीचा मुलगा दहावीत असूनही निवांत होता, आणि पोरांना दिवाळीला द्यायचं काय हे कुणालाच सुचत नव्हतं. कपडे नकोत, पैसे पाठवले तर आयाच ठेवून घेतात.

तेवढ्यात जर्मनीहून मेसेज आला. ‘अगं, माझी दोघं किल्ला म्हणजे काय विचारतायत. तुमच्या गेल्या वर्षीच्या फोटोंनी घात केला.’

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. मी उत्साहात लिहून बसले, ‘मी पाठवते किल्ला.’ चौघींनी पैसे काढायचे ठरलं आणि पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

दसऱ्याआधी किल्ल्याची चित्रं रस्त्यावर मांडलेली नसतात, म्हणून थेट कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेले. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: पुण्यात या मातीच्या बाहुल्यांना चित्रं म्हणतात.) सिंहासनावरचे महाराज, भालेवाले मावळे, दोन तोफा, गवळण, भाजीवाली, आणि गुहेत बसवायला वाघ. एकूण चौदा नग. मुलीसाठी पितळेची भातुकली घेतली, दोघांना मिळून भोवरा आणि मराठी चित्रांची दोन पुस्तकं. भोवऱ्याची जाळी तिकडे कोण शिकवणार, हा विचार घरी आल्यावर आला.

मग ग्रुपवर हिशेब सुरू झाला. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत असेल तर तिच्यावर कर लागत नाही. तेव्हाच्या भावाने साधारण चार हजार रुपये. आमची खरेदी त्यात बसत होती. नागपूरकरीण म्हणाली, ‘मग बेसनाचे लाडू पण टाक.’ तर दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून टपालाने तिकडे नेता येत नाहीत, आणि लाडवात तूप. लाडू दुधाचा पदार्थ की डाळीचा, हा वाद परदेशातल्या कस्टमवाल्याशी घालण्याची हौस मला नव्हती. लाडू आम्हीच खाल्ले. चिवडा जर्मनीवाली स्वतः करते, पातळ पोहे तिला तिथल्या तमिळ दुकानात मिळतात.

खरी अडचण हळिवाची. हळीव पेरल्याशिवाय किल्ला हिरवा कसा व्हायचा? मी पन्नास ग्रॅमची पुडी बांधून ठेवली होती. पण पेरायचं बी तिकडे पाठवायचं तर रोग-किडीविरहित असल्याचा सरकारी दाखला लागतो. पन्नास ग्रॅम हळिवासाठी कोण दाखला काढणार! मी हिरमुसून ग्रुपवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘वेडे, हळीव म्हणजे क्रेसं. इथे दुकानात पाकीट मिळतं. धाकट्याने किंडरगार्टनमध्ये कापसावर उगवलंय.’ आपण बाळंतिणीला ज्याचे लाडू करतो, ते बी तिकडची पोरं बालवाडीत पेरतात. पुडी परत डब्यात गेली.

पत्ता मागितला तेव्हा मात्र गप्पांचा सूर बदलला.

माझ्याकडे जुना पत्ता होताच, खात्रीसाठी विचारलं. तिने नवा पाठवला. रस्ता वेगळा, घर वेगळं. फ्लॅट नंबर कुठाय, असं मी विचारलं. तिने लिहिलं, ‘इथे फ्लॅट नंबर नसतो. बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन तेच बघून टाकतो.’ मी नेहमीप्रमाणे तिच्या नवऱ्याचं आडनाव लिहून फॉर्मचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्या आणि बराच वेळ काही नाही. मग, ‘ते नको लिहूस. परत जाईल. पेटीवर माझं माहेरचं आडनाव आहे.’

ग्रुपवर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. जूनपासून ती आणि मुलं वेगळी राहत होती. आम्ही रोज सकाळी तिला चहा झाला का विचारत होतो, ती झाला म्हणत होती. चिपळूणकरणीने सरळ फोन लावला. मी लावला नाही, मला काय बोलावं ते सुचेना. मी फॉर्म खोडला, नवा घेतला आणि कॉलेजच्या हजेरीपटावर होतं तसं तिचं पूर्ण नाव लिहिलं.

पोस्टातला अनुभव थोडक्यात. आम्ही लहानपणी पार्सल मांजरपाटात शिवून न्यायचो, त्याच सवयीने मी खोका घरूनच पक्का चिकटवून नेला. काउंटरवर तो उघडावा लागला, कारण आत काय आहे हे बघितल्याशिवाय परदेशी पार्सल घेत नाहीत. ज्यांना पाठवायचंय त्यांनी खोका उघडा न्यावा आणि चिकटपट्टी सोबत न्यावी. आधारची झेरॉक्सही. सीएन २३ नावाच्या फॉर्मवर नुसतं ‘खेळणी’ चालत नाही, वस्तू, नग, वजन, किंमत सगळं वेगवेगळं लिहायचं. तोफांपुढे ‘मातीची, खेळण्यातली’ असं लिहा, असं काउंटरवरच्या बाईंनी आवर्जून सांगितलं. त्यांच्या घरी किल्ला दरवर्षी होतो म्हणे. टपालखर्च आतल्या मालापेक्षा जास्त झाला, तो मी ग्रुपवर निम्माच सांगितला.

तेरा अक्षरांचा ट्रॅकिंग नंबर मिळाला आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही पाच जणी तोच बघत होतो. मुंबई सुटलं. जर्मनीत पोचलं. आणि मग कस्टममध्ये अडकलं. तिला पत्र आलं, ‘पावती घेऊन या.’ कुंभारवाड्यात पावती कोण देतं? मी त्या काकांना यूपीआयने पैसे दिले होते, त्याचे स्क्रीनशॉट काढले. भातुकलीचं छापील बिल होतं. पुस्तकांचंही सापडलं, कणकेच्या डब्यामागे. सगळे फोटो पाठवले. चिपळूणकरणीने तर, ही भेट आम्ही चार मैत्रिणींनी पाठवली आहे, असं इंग्रजीत रीतसर पत्र लिहून सही करून दिलं.

बुधवारी, ३० ऑक्टोबरला, ती मुलांना घेऊन कस्टमच्या कचेरीत गेली. अधिकाऱ्याने तिच्यासमोर खोका उघडायला लावला, कागदाच्या गुंडाळ्या सोडवून एकेक चित्र टेबलावर मांडलं. मुलगी प्रत्येकाचं नाव सांगत होती, आईकडून ऐकलेलं. महाराज, मावळा, गवळण. शेवटची गुंडाळी सोडली तर वाघाचे तीन तुकडे. दोष माझाच, जुने मोजे संपले म्हणून वाघ नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता. कर काही लागला नाही.

लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला होतं, आणि त्या दिवशी तिकडे सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते. त्यामुळे किल्ल्याला सगळा दिवस मिळाला. पुठ्ठ्यांवर जुना टॉवेल घालून त्यावर कुंड्यांची माती लिंपली. तिकडची ती माती काळीकुट्ट, त्यामुळे किल्ला कोळशाच्या वखारीसारखा दिसत होता. गॅलरीत थंडी म्हणून तो स्वयंपाकघरातच बांधला. क्रेसं सोमवारीच कापसावर टाकलं होतं, ते बोटभर वर आलं होतं, कापसासकट बुरुजांवर चिकटवलं.

रात्री फोटो आला. चौघींनी एकदमच उघडला असावा. नागपूरकरीण म्हणाली, ‘महाराज फार कडेला बसवलेत.’ चिपळूणकरणीने फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, ‘गुहेत ते हिरवं काय आहे?’

‘वाघ फुटला ना,’ तिने लिहिलं, ‘धाकट्याने डायनोसॉर बसवलाय. रात्री गडावर पहारा करतो म्हणे.’