मोटारी फिरल्या की तुटणारी ४८५ ची लाइन

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत पॅनेलची कामं ऑफ सीझनला उरकतात. मे-जूनमध्ये केबल ओढली, पीएलसीला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला) सगळे ड्राइव्ह (मोटारींचा वेग सांभाळणारी उपकरणं) आणि एनर्जी मीटर मॉडबसवर, म्हणजे आरएस-४८५ च्या तारांवरून चालणाऱ्या संवादाच्या पद्धतीवर, दिसले, काम ताब्यात दिलं. मग बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि कॅरिअरचा ड्राइव्ह स्क्रीनवर मधूनमधून लाल व्हायला लागतो. लाइन तपासली तेव्हा एकही मोटार फिरत नव्हती, म्हणून ती पास झाली होती.

अशा वेळी लॅपटॉप नंतर उघडा, आधी मल्टिमीटर काढा.

लाइनवरच्या सगळ्या उपकरणांची पॉवर बंद करा आणि ए-बी टर्मिनलमध्ये, म्हणजे डेटाच्या दोन तारांमध्ये, ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेशन रेझिस्टर (टोकावरून सिग्नल परत उसळू नये म्हणून लावलेला) असेल, तर छोट्या लाइनवर ६० च्या आसपास, किंवा उपकरणं जास्त असतील तर किंचित कमी, आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक उघडं आहे किंवा मधे तार तुटली आहे. ४० आला तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर लागलाय. लांब लाइनवर मात्र ६० ची अपेक्षा धरू नका. २४ एडब्ल्यूजी जाडीच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८४ ओहम असतो, त्यामुळे ३०० मीटरवर एका टोकाला ७० दिसले तरी लाइन ठीक आहे.

हा तिसरा रेझिस्टर बहुतेकदा बदललेल्या ड्राइव्हमधून येतो. नव्या ड्राइव्हचा टर्मिनेशनचा डिप स्विच ऑन राहिलेला असतो आणि तो ड्राइव्ह बसतो लाइनच्या मधोमध. याचा परिणाम कसा होतो तो नीट बघा. लाइनवर कुणीच बोलत नसताना ए-बी मध्ये २०० मिलिव्होल्टच्या वर फरक हवा, नाहीतर रिसीव्हरला लाइन शांत आहे की डेटा येतोय हे ठरवता येत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणी, शक्यतो मास्टरपाशी (इथे पीएलसी), बायस, म्हणजे रेझिस्टरमधून थोडा कायमचा व्होल्टेज, देतात. ५ व्होल्ट आणि ५६०-५६० ओहमचा बायस असेल तर ६० ओहमच्या लाइनवर सुमारे २५० मिलिव्होल्ट मिळतात. तिसरा रेझिस्टर आला की तेच १७२ वर येतात. मोटारी बंद असताना तेवढ्यावरही निभावतं. ड्राइव्ह स्विचिंग, म्हणजे वीज वेगानं चालू-बंद, करायला लागले की त्या नॉइजमध्ये निभावत नाही. पोलिंग (पीएलसीनं एकेका उपकरणाला विचारत जाणं) थांबवून डीसी व्होल्टेज मोजलं की हे दोन मिनिटांत कळतं.

वायरिंग माळेसारखंच हवं, एका उपकरणातून दुसऱ्यात. जंक्शन बॉक्समधून चार दिशांना फाटे फोडू नका. येणारी आणि जाणारी तार एकाच ट्विन फेरूलमध्ये (दोन तारांची टोकं एकत्र धरणाऱ्या धातूच्या टोपीत) दाबा, म्हणजे एखादा मीटर काढला तरी पुढची लाइन तुटत नाही. ए आणि बी या खुणांवर विसंबू नका, वेगवेगळ्या कंपन्या त्या उलट-सुलट छापतात. मॅन्युअलमध्ये प्लस-मायनस पाहा.

‘दोन तारांची लाइन’ या नावानं फार नुकसान केलंय. तिसरी तार, म्हणजे कॉमन, लागतेच. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच कॉमन मोड, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच आलेला व्होल्टेज, सहन करतो आणि मिल हाउस व बॉयलर हाउसच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडू शकतो. शील्ड हे कॉमनचं काम करत नाही. ती एकाच टोकाला अर्थ करा, पण प्रत्येक उपकरणापाशी पुढे जोडत न्या. दोन इमारतींमध्ये आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेनं अलग ठेवून सिग्नल पुढे देणारा) घाला, किंवा सरळ फायबर टाका. वळवाच्या विजांनी एका झटक्यात सगळे पोर्ट जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ट्रेमध्ये मोटारच्या केबलपासून ३०० मिमी अंतर ठेवा आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ग्लँड घट्ट करा. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ ओलावा धरते आणि टर्मिनल हिरवं पडतं.

सेटिंगचं थोडक्यात: बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडणारा बिट) सगळीकडे एकच, आयडी १ ते २४७ मध्ये आणि कुठेही दुहेरी नाही. ४०००१ हा रजिस्टर (उपकरणातला माहितीचा कप्पा) क्रमांक फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरच्या संदेशात, ० म्हणून जातो. फ्लोट (दशांशाचा आकडा) चुकीचा दिसला तर दोन वर्ड अदलाबदल करून बघा.

टाइमआउटकडे, म्हणजे उत्तराची वाट पाहायच्या मुदतीकडे, मात्र लक्ष द्या. ९६०० बॉडवर दहा रजिस्टर वाचायला तारेवरचा वेळ ३८ मिलिसेकंद, मधली शांतता आणि उत्तराचा उशीर धरून साधारण ६०. म्हणजे १५ उपकरणांची फेरी एका सेकंदात होते. टाइमआउट १ सेकंद आणि प्रयत्न तीन असतील, तर एकच बंद मीटर दर फेरीत ३ सेकंद खातो आणि चांगले ड्राइव्हही अडकल्यासारखे दिसतात. बहुतेक ठिकाणी ३०० मिलिसेकंद पुरतात.

आणि चाचणी ऑफ सीझनलाच पुरी करा. कपलिंग सोडून सगळ्या मोटारी ड्राइव्हवर मोकळ्या फिरवा. लोड नसला तरी स्विचिंगचा त्रास तसाच असतो. पीएलसीतला एरर काउंटर शून्य करून रात्रभर सोडा. सकाळी आकडा चढलेला दिसला, तर एकेक ड्राइव्ह थांबवत जा. ज्याच्यापाशी काउंटर थांबतो, त्याची मोटार केबल आणि अर्थिंग आधी उघडा.